तिसऱ्या वळणावर अडलेला नांगर

मी सुर्पाद गावचा बर्फाचा नांगर बोलतोय. आता जे सांगणार आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथ घ्यायला मला आई नाही, लेकरं नाहीत, म्हणून माझ्या पात्याची शपथ घेतो. लोखंडाला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आता माझ्या पात्याच्या खालच्या कडेला रबराची पट्टी बसवलेली आहे आणि रबर ताणलं जातं, ही गोष्ट वेगळी. एखादं वाक्य ताणलेलं वाटलंच, तर ते त्या पट्टीकडून आलं असं समजा.

नांगर म्हणतात, पण मी नांगरत काही नाही. मागे नारिंगी ट्रक, पुढे तीन मीटर रुंदीचं तिरकं पातं. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ कडेला ढकलायचा, उन्हाळ्यात शेडमध्ये उभं राहून कोंबड्यांची शिट अंगावर घ्यायची. सत्तावीस वर्षं हेच करतोय. माणसाच्या हिशेबानं मी तरणाबांड, नांगराच्या हिशेबानं नव्वदीतला.

मला विकत घ्यायचं ठरलं ते ग्रामसभेत. आमच्या गावात काहीही ठरवायचं तर शाळेच्या व्यायामशाळेत जमायचं आणि सगळ्यांदेखत हात वर करायचा. माझ्यासाठी एकशे अकरा हात वर झाले आणि विरोधात एकही नाही. कारण आदल्या हिवाळ्यात एवढा बर्फ पडला होता, की रस्त्यानं चालणाऱ्यांची डोकी चर्चच्या घंटेवर आपटत होती. पाद्रीबाबांना वाटायचं, कुणीतरी प्रार्थनेला बोलावतंय. बर्फ ताजा असताना माणसं करासाठी झटकन हात वर करतात, हे मी जन्माआधीच शिकलो.

माझ्या तरुणपणाचे पराक्रम सांगत बसत नाही. एकच सांगतो. एका पहाटे मी बर्फाबरोबर एक अख्खी गाय पोस्टापर्यंत ढकलत नेली. ती उभ्या उभ्या झोपली होती, तिला कळलंच नाही. पोस्टाच्या दारात जागी झाली आणि रांगेत उभी राहिली. पुढचं जाऊ द्या.

माझ्या आयुष्यात माणसं दोन. एक दूरी, माझा चालक. गावचा पगारी माणूस. बोलणं कमी, जेवणं जास्त. दुसरा क्लाव देरुंग्स, गावचा मेस्त्री. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी माझ्या पोटात पाना घालायचा हक्क त्यानं कुणाला दिला नाही. मी अठरा वर्षांचा असताना वरच्या रस्त्यावर दरडीतून आलेल्या दगडाला धडकलो आणि पातं पेलणारा आडवा खांब तडकला. कंपनीचा माणूस म्हणाला, अख्खा सांगाडा बदला. क्लावनं सुट्टी टाकली आणि दोन दिवस ठिणग्या उडवत माझा खांब जोडला. मग माझ्या पायरीवर बसून कॉफी प्याला आणि जोडावरून अंगठा फिरवत म्हणाला, "मी मरेन, पण हा जोड सुटायचा नाही."

त्या दिवसापासून हा माणूस माझा. त्याला मात्र माझा रागही तितकाच. त्याला कारण आहे. नांगर रस्ता साफ करतो म्हणजे बर्फ कडेला लोटतो, आणि कडेला असतात लोकांच्या घरांची फाटकं. रस्ता लख्ख होतो, आणि प्रत्येकाच्या फाटकासमोर गुडघाभर बांध तयार होतो. सत्तावीस वर्षांत मी हे पाहिलंय, की माणसाला शेजाऱ्याच्या फाटकासमोरचा बांध कधी दिसत नाही. क्लाव दर हिवाळ्यात फोन करायचा.

"दूरी, माझ्याच फाटकाशी तुझा हात का जड होतो रे?"

"पातं तिरकं आहे, मेस्त्री. बर्फ उजवीकडेच पडणार."

"मग सगळे करदाते उजवीकडे आणि गावच्या अध्यक्षबाईंचं घर तेवढं डावीकडे, असं कसं?"

गेल्या शरदात तपासनीस आला. त्यानं मला ठोकून बघितलं, वहीत लिहिलं आणि गेला. चिठ्ठी आली ती अशी: डिसेंबरपासून सपाट रस्त्यावरच चालवा, चढावर नको. आता चढ आमच्याकडे एकच, मुलेंसच्या वाडीचा. सात किलोमीटर वर अकरा घरं. अध्यक्षबाई सेराइना यांनी ग्रामसभेपुढे प्रस्ताव ठेवला. गावाचा कर वाढवायचा. राज्याला शंभर फ्रँक जात असतील तर त्यावर गाव पंच्याण्णव घेत होतं, ते आता एकशे पाच घेणार. त्यातून नवा नांगर येईल. प्रस्ताव पडला, तर डिसेंबर ते मार्च वाडीचा रस्ता बंद, आणि वाडीच्या लोकांनी हिवाळ्यात खाली राहायला यावं.

वाडीत तोना राहतो. चौऱ्याहत्तरचा. त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी संप केला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याची मुलगी ऊर्सीना त्याला खाली दरीतल्या इस्पितळात नेते, तिथे यंत्रावर त्याचं रक्त धुतात. एक फेरी चुकली तर माणूस सुजतो, दोन चुकल्या तर संपतो. ऊर्सीनाच्या गोठ्यात चौदा गाई आहेत. बापाला घेऊन खाली राहायचं तर गाई विकायच्या, आणि वर राहायचं तर बापाला. तिचं कोडं एवढंच होतं.

सभेच्या आधीच्या बुधवारी खाणावळीत याच्यावर बोलणं झालं. दूरी जवाचं सूप पीत होता, मी बाहेर खिडकीला नाक लावून उभा. इस्पितळातून परतताना ऊर्सीना आणि तोनाही तिथे थांबले होते. तोनासमोर अर्धा कप कॉफी. त्याला दिवसभरात प्यायला मिळतं तेच मोजून, त्यामुळे तो एकेक घोट चघळत होता.

"कर वाढवायचा कशासाठी?" क्लाव आपल्या नेहमीच्या टेबलावरून म्हणाला. "तर एक चांगली चालती गाडी भंगारात घालण्यासाठी."

"तपासनीसानं लिहून दिलंय, मेस्त्री," दूरी म्हणाला.

"त्याची नखं बघितलीस का? लग्नातल्या नवऱ्यासारखी. त्याला काय कळतंय? मी दुरुस्त करतो म्हणतोय ना. फुकट. एक फ्रँक नको मला. या गावात रस्ते, पाट, कुंपणं सगळं अंगमेहनतीनं व्हायचं. घरटी एक माणूस, वर्षाला सहा दिवस. तेव्हा कुणी असा कर मागत होतं का?"

"ते सहा दिवस मी तुझ्याबरोबर केलेत, क्लाव," तोना म्हणाला. "त्यातले चार तू फावड्याला टेकून आम्हाला खणायचं कसं ते सांगत होतास."

सगळे हसले. क्लावही हसला.

"बरं, तू ऐंशीचा झालास की गाडीखाली कोण शिरणार?" तोनानं विचारलं.

"तू शिर."

"मी? मलाच आठवड्यातून तीनदा दुरुस्तीला न्यावं लागतं."

ऊर्सीना तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "क्लावकाका, तुमच्या फुकटाच्या भरवशावर मी बाबांना वर ठेवू का?"

"मी कधी शब्द मोडलाय?"

"तुम्ही नाही मोडणार." तिनं खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. "तो मोडेल."

क्लावनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पहिल्यांदा त्याची नजर चुकवली. कारण पोरगी खरं बोलत होती. गेली दोन वर्षं चढावर पातं उचललं की त्या जोडात मला कळ यायची. गावातली बहुतेक माणसं मात्र क्लावच्या बाजूला झुकली. कर नको आणि रस्ता मात्र हवा, असं म्हणायला लाज वाटते. क्लावच्या फुकटानं ती लाज घालवली.

सभा रविवारची, चर्च सुटल्यावर, साडेदहाला. आमच्याकडे सभेची तारीख वर्षभर आधी ठरते आणि ती देव आला तरी हलत नाही. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार यासाठी, की तोवर बर्फ नसतो आणि वाडीच्या लोकांना उतरता येतं. तर त्या रविवारी पहाटेपासून बर्फ. मी शेडमधून बाहेर पडलो तेव्हा माझ्या आरशांपर्यंत होता. बरं, चाकांपर्यंत.

आठ वाजता ऊर्सीनाचा फोन आला. दूरी फोन समोर अडकवून ठेवतो, मला सगळं ऐकू येतं.

"दूरी, आधी वर ये. आम्ही एकोणीस जण आहोत."

"वरचा रस्ता नकाशात शेवटी आहे."

"आज मतदान आहे."

"म्हणूनच. आज मी क्रम बदलला तर उद्या म्हणतील, पगारी माणसानं मतं वाहून आणली. मग जिंकलीस तरी ते मत टिकायचं नाही."

"आणि तू वेळेत पोहोचला नाहीस तर?"

"नकाशाप्रमाणे जितक्या लवकर येता येईल तितक्या लवकर येतो."

ती म्हणाली, "तुझ्या नकाशाला काडी लाव," आणि फोन ठेवला.

दूरीनं नकाशा सोडला नाही. बसचा रस्ता, शाळा, चर्च, दवाखाना, खालच्या गल्ल्या. क्लावचं फाटकही त्यात. तिथे नेहमीप्रमाणे बांध तयार झाला. फक्त एकच गोष्ट दूरीनं बदलली. तो जेवणाचा डबा उघडायला थांबला नाही. हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

सव्वानऊला आम्ही वाडीत पोहोचलो. पाच गाड्या चाकांना साखळ्या बांधून तयार होत्या. दूरीनं मला वळवलं, आणि मी पुढे, पाच गाड्या मागे, अशी वरात निघाली. चढताना अर्धीच रुंदी साफ झाली होती, उरलेली उतरताना करायची होती. पहिलं वळण नीट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर माझ्या पोटात काहीतरी फाट्कन झालं, बर्फावर तपकिरी तेल उडालं आणि माझं पातं धाडकन रस्त्यावर पडलं.

माझ्या पात्याला जे उचलून धरतं ते नळ्यांतलं तेल. नळी फुटली की ते उचलणं संपलं. मी फिरलो, आडवा झालो आणि घसरत कठड्याच्या लाकडाला टेकून थांबलो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये मी. ज्यानं रस्ता मोकळा करायचा, त्यानंच तो बंद केला होता.

दहाला दहा मिनिटं कमी होती. गाव अजून पाच किलोमीटर खाली. ऊर्सीना धावत आली.

"चालत उतरलो तर?"

दूरीनं मागच्या गाड्यांकडे पाहिलं. निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची. "साडेअकरा होतील. आणि तोना?"

दूरीनं फोन लावला.

"मेस्त्री, नळी फुटली. तिसऱ्या वळणावर आडवा झालोय. मागे वाडीच्या गाड्या आहेत."

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला. मग क्लावनं विचारलं, "सगळे?"

"एकोणीस जण."

पुन्हा श्वास. मी सत्तावीस वर्षांत कितीतरी माणसांना गप्प राहताना ऐकलंय, पण इतकं मोठ्यानं कुणी गप्प राहिलं नव्हतं. क्लाव त्या दिवशी सभेत कराविरुद्ध बोलणार होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याला काही वाईट करायचं नव्हतं. नुसतं वेळेवर सभेला जायचं होतं.

"कुठली नळी?" तो म्हणाला. "डावी की उजवी?"

"उजवी."

"पात्याला हात लावू नका. आलो."

आणि मग दोन मिनिटांनी त्याचाच फोन. "दूरी, हरामखोरा, तुझ्या बांधानं माझी जीप अडलीय."

"फावडं घ्या, मेस्त्री."

"घेतलंय."

तो आला तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सभेसाठीचा तपकिरी सूट, गळ्यात टाय, गुडघ्यापर्यंत बर्फ, खांद्यावर नवी नळी. तोनानं गाडीची काच खाली केली.

"काय नवरदेव, लग्नाला निघालास की मयताला?"

"तुझ्या मयताला. पण तू अजून बसलेलाच दिसतोस."

"घाई नाही. तुझं काम होऊ दे."

क्लावनं कोट काढून ऊर्सीनाच्या हातात दिला. तिच्या हाताला खिशातले कागद लागले.

"ते वाचू नकोस."

"नाही वाचत. जाड आहेत हो."

"चार पानं."

"माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध कशाला? कराविरुद्ध."

"पण त्या रस्त्यावर मीच राहते ना, काका."

खाली दरीतून चर्चची घंटा वाजली. साडेदहा. सेराइनाबाई त्याच सेकंदाला सभा सुरू करणार, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. चर्चला आग लागली तरी त्या आधी इतिवृत्त मंजूर करून घेतील.

नळी बसते आडव्या खांबाच्या मागे. तिथे हात पोचवायचा तर पातं जॅकनं वर उचलून खाली पाठीवर झोपायचं. पात्याचं वजन नऊशे किलो. दूरीनं बर्फ खरवडला, लाकडाचे ओंडके मांडले, जॅक लावला आणि मला हातभर वर उचललं. क्लाव पाठीवर झोपला आणि माझ्याखाली सरकला. पांढरा सदरा, टाय छातीवर.

आता मी जे सांगतो ते रबराकडून नाही.

तो आत शिरला आणि माझ्या जोडात कळ आली. नेहमीची नव्हे. बारीक, सरळ, वरून खाली उतरणारी. जॅकनं भार एका बाजूला घेतला होता आणि क्लावनं नऊ वर्षांपूर्वी केलेला जोड केसाइतका उघडत होता. त्याच्या बरोबर छातीवर. मला ओरडता येत नाही. मला भोंगा आहे, पण तो दूरीच्या हातात. मी काय करणार? मी ताठ झालो. लोखंड आहे त्याहून जास्त ताठ कसं होतं ते विचारू नका, मी झालो.

ओंडका बर्फावर अर्धं बोट सरकला.

"मेस्त्री, बाहेर या," दूरी म्हणाला.

"एक नट राहिलाय."

"बाहेर या म्हणतो ना."

"बावीसचा पाना दे आणि तोंड बंद ठेव."

ऊर्सीनानं पाना दिला. ती गुडघ्यांवर बसून ओंडक्याला खांदा लावून होती, क्लावचा कोट पोटाशी धरून. मागच्या गाड्यांतली माणसं उतरून उभी होती.

नट आवळत असताना क्लावची नजर वर गेली. त्याला जोड दिसला. त्याचा हात थांबला. मग त्यानं तेलानं काळा झालेला अंगठा वर नेला आणि त्या फटीवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूच फिरवला. कॉफी पिताना फिरवला होता तसाच.

"काय झालं?" दूरीनं विचारलं.

"काही नाही," क्लाव म्हणाला आणि नट शेवटपर्यंत आवळला.

तो बाहेर आला आणि दूरीनं जॅक उतरवला. अकराला पाच कमी. तेल भरलं, पातं उचललं. मी निघालो. त्या पाच किलोमीटरांत दूरीनं माझं पातं उतरवलं ते रस्त्याला टेकेल न टेकेल इतकंच. क्लाव मागे आपल्या जीपमध्ये नव्हता. जीप वळणाच्या कडेला सोडून तो माझ्या केबिनमध्ये दूरीशेजारी बसला होता. एका हातानं समोरची दांडी धरून, आणि दुसरा हात माझ्या दारावर. वाटेत तो एकच वाक्य बोलला.

"चढावर याला पुन्हा नेऊ नकोस."

अकरा वाजून सतरा मिनिटांनी आम्ही व्यायामशाळेपुढे थांबलो. कराचा विषय तोवर उरकला असता. पण त्याआधीचा विषय होता दफनभूमीच्या कुंपणझाडांची उंची. आमच्या गावात दोन लाखांचा पूल खोकल्याशिवाय मंजूर होतो, आणि मयतांच्या कुंपणाला सव्वा मीटर ठेवायचं की दीड, यावर पाऊण तास जातो. त्या पाऊण तासानं आम्हाला वाचवलं. एकोणीस माणसं बूट झटकत आत गेली. तोना सर्वात शेवटी, ऊर्सीनाच्या हातावर. क्लाव त्यांच्याही मागे.

दूरीनं मला खिडकीला लागून उभं केलं होतं. मी आत पाहिलं. सेराइनाबाई म्हणाल्या, "कराचा प्रस्ताव. क्लाव देरुंग्स यांनी बोलायची वेळ मागितली होती."

क्लाव उठला. सदऱ्यावर तेलाचा पट्टा, टाय एका खांद्यावर. त्यानं खिशातून चार पानं काढली, पाहिली आणि परत ठेवली. म्हणाला, "मी म्हणत होतो की गाडी दहा वर्षं टिकेल. माझ्या जोडाला तडा गेलाय. मी स्वतः पाहिलाय. फुकटात जेवढं होणार होतं तेवढं झालं. आता गावानं मिळून करायची वेळ आहे." मग सेराइनाबाईंनी बाजूचे हात मागितले, आणि पहिला हात वर झाला तो क्लावचा. मनगटापर्यंत काळा.

प्रस्ताव मंजूर झाला. चौसष्ट विरुद्ध एकोणसाठ.

नवा नांगर येईपर्यंत, म्हणजे पुढल्या सप्टेंबरपर्यंत, वाडीचा रस्ता शेजारच्या गावाचा नांगर भाड्यानं साफ करतो. तो शिष्ट आहे, माझ्याशी बोलत नाही. तोना सोमवार, बुधवार, शुक्रवार खाली जातो आणि गाई चौदाच्या पंधरा झाल्यात. मी खालच्या सपाट गल्ल्या करतो. फाटकांसमोर बांध होतात, फोन येतात. कर वाढल्यापासून फोन वाढलेत. जास्त पैसे दिलेल्या माणसाला बर्फही जास्त दिसतो, आणि खरं सांगू, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पैसे देणाऱ्यानं विचारावंच.

सप्टेंबरात मी भंगारात जाईन. बाकीची म्हातारी यंत्रं विनवतात की आम्हाला जपा, अंगणात ठेवा, मुलांना वर चढू द्या. माझी विनंती उलटी आहे. मला वितळवा. कुणी माझ्या प्रेमापोटी मला आणखी एक हिवाळा ढकलायला लावू नका. नऊशे किलोंच्या खाली झोपलेला माणूस मी एकदा पाहिलाय, पुन्हा पाहायची ताकद माझ्यात नाही.

निरोप घेण्याआधी सुरुवातीच्या शपथेचं बघायला हवं. गाय पोस्टाच्या रांगेत उभी राहिली नव्हती, ते तुम्हीही ओळखलं असेल. त्याची मला लाज नाही. मी खरोखर रचलेला भाग दुसरा आहे. क्लावचं ते भाषण. ते त्यानं केलंच नाही. मी हा सगळा हिवाळा ते कोंबड्यांना सांगत आलोय, आणि प्रत्येक वेळी ते आणखी चांगलं होत गेलं.

झालं ते असं. सेराइनाबाईंनी त्याचं नाव घेतलं, तेव्हा तो बसल्या बसल्या म्हणाला, "मला बोलायचं नाही." एवढंच. त्यानं एक वाक्य जरी वाचलं असतं, तरी खालच्या गल्लीतले चार-सहा जण फिरले असते, हे सगळ्यांना माहीत होतं. बाजूचे हात मागितले, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. मग सेराइनाबाई म्हणाल्या, "विरोधात," आणि क्लावनं हात वर केला. मतं मोजणारा त्याच्या रांगेशी येईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही. काळा हात, सगळ्यांदेखत. आणि त्याच्या पुढच्या दोन रांगांत, त्यानंच खाली आणलेली एकोणीस माणसं बसली होती.